उंबऱ्यातला शब्द

२ नोव्हेंबर
मुक्काम : पहिलंच गाव. लॉजची खोली. पंखा आहे, फिरत नाही.

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, तुझा भाऊ गाजतोय! हसू नकोस. ज्याला शाळेत निबंध तू लिहून द्यायचीस, तो आता गावोगाव ‘कादंबरी कशी लिहावी’ यावर भाषणं देत फिरतोय. प्रकाशकानं दौरा आखलाय, तिकीट त्याचं, घसा माझा. काल पहिलं भाषण झालं. हॉल भरलेला. अध्यक्ष माझ्या आधी बोलले, माझ्याहून जास्त बोलले आणि मी उभा राहिल्यावर खुशाल झोपले.

सुरुवातीला लोक नुसते खोकत होते. कथानक, पात्रं, संवाद, सगळं सांगून झालं, कुणी ढिम्म हलेना. म्हटलं, आज आपलं काही खरं नाही. मग मी ‘दारातली बाई’ काढली. सांगतो. एक बाई कायमची घर सोडून चाललीय. भांडण नाही, रडारड नाही. हातात एक पिशवी. घर रिकामं आहे. ती उंबरा ओलांडते आणि मोकळ्या घराकडे बघून सवयीनं म्हणते, ‘येते.’ आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत ना! इथं मी थांबतो, पाणी पितो, लोकांना ताटकळत ठेवतो. मग सांगतो की बाई थोड्या दिवसांनी परत आली, कारण तिच्या मनाला जे कळलं नव्हतं ते तिच्या जिभेला कळलं होतं. लेखकानं बाईचं रडणं लिहीत बसू नये, तो एक शब्द शोधावा. ताई, अध्यक्ष जागे झाले, टाळ्यांनी!

तुला ओळखीचं वाटेल. वाटू दे. कुणाचं म्हणून सांगितलेलं नाही.

शेवटचं भाषण तुझ्या लेकीच्या, आपल्या टिटवीच्या गावात. तिच्या ग्रंथालयानंच बोलावलंय, पत्रावर सही तिचीच, ‘सहायक ग्रंथपाल’ म्हणून. केवढी झाली गं! अजून दारात उभी राहून सगळ्यांकडून ‘येतो’ म्हणवून घेते का? मागे मी आलो होतो तेव्हा गॅसवाल्यालासुद्धा सोडलं नव्हतं तिनं. लहानपणी दारातून ओरडायची म्हणून तर टिटवी नाव ठेवलं मी. पत्राचा शेवटही ‘येतो’नं करायचा हा तिचाच तेव्हाचा हुकूम, आणि आपण केस पिकले तरी पाळतोय.

भावोजींना नमस्कार. पुढच्या गावचा पत्ता मागे लिहिलाय.

बरंय, येतो.
तुझा गप्प्या


७ नोव्हेंबर

चि. गप्प्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन दुकानातच देऊन गेला. हे चष्म्याच्या काचा घासत होते, मान वर न करता म्हणाले, “काय म्हणतो कादंबरीकार?” मी म्हटलं, “खोलीतला पंखा फिरत नाही म्हणतो.” दुसरं काय सांगणार होते?

‘ओळखीचं वाटेल, वाटू दे.’ हे लिहिताना तुझा हात कसा धजला रे? मी तेव्हा तुझ्या खोलीवर आले, तुझ्या सतरंजीवर झोपले, तुझ्याजवळ चार शब्द बोलले, ते काय हॉलमधल्या खोकणाऱ्या लोकांसाठी? इतकी वर्षं मला वाटत होतं की तू विसरलास. मनातल्या मनात मी तुला त्याबद्दल दुवा देत होते. खुळीच मी.

फोन करणार होते. पण फोन दुकानात, काउंटरवर, आणि काउंटरच्या पलीकडे हे. एवढ्यातेवढ्या जागेत कुजबुजलं तरी चष्मे ऐकतात. म्हणून लिहितेय.

ती बाई तुझ्या भाषणातून काढ. आजच काढ. आणि टिटवीच्या गावात तर त्या बाईचं नावसुद्धा तोंडातून निघता कामा नये. का, ते विचारू नकोस. मोठी बहीण सांगतेय एवढं पुरे.

औषधं वेळेवर घे. बाहेरचं पाणी पिऊ नकोस.

येते.
ताई


१२ नोव्हेंबर
मुक्काम : तिसरं गाव. पंखा फिरतो, नळाला पाणी नाही.

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं. तुला वाटतं मी तुझी धुणी चारचौघांत धुतोय. अगं, तसं नाही! मी काय एवढा बावळट आहे? कथेतली बाई शिवणकाम करणारी केलीय. गाव बदललंय. नवऱ्याचं तर नावच काढत नाही, लोकांना वाटतं तो बोटीवर असेल. घर रिकामं आहे, ना मूल ना बाळ. तू शेजारी येऊन बसलीस तरी तुला कुणी ओळखणार नाही. आम्हा लोकांचा धंदाच तो, ताई, माणूस काढून घ्यायचा आणि त्याचा शब्द ठेवायचा.

आणि हा शब्द मी टाकू कसा? तूच सांग. माझ्या खोलीच्या दारात उभी होतीस, मी विचारलं, “निघताना काय म्हणालीस?” तू म्हणालीस, “काय म्हणणार? ‘येते’ म्हटलं आणि निघाले.” मी तेव्हा पोरगेला होतो, एक धड ओळ लिहिता येत नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं लिहिणं म्हणजे काय. आज मी जो काही आहे तो तुझ्या त्या एका शब्दावर. यात तुझा मानच आहे, अपमान कुठला?

शिवाय आता एक अडचण झालीय. मागच्या गावच्या पेपरात भाषणाची बातमी आली, त्यात सगळं सोडून दारातली बाईच छापली. प्रकाशकाचा फोन आला, म्हणाला, हेच चालतंय, हेच ठेवा. आणि टिटवीच्या ग्रंथालयानं पोस्टर छापलंसुद्धा. भाषणाचं नाव, ‘उंबऱ्यातला शब्द’. आता मी तिथं जाऊन काय बोलू, हवापाण्यावर?

जरा थंड डोक्यानं विचार कर. भावोजींना या गोष्टीचं काही वाटेल अशी भीती आहे का तुला? ते तर तिथं नसणारच.

येतो.
गप्प्या


१६ नोव्हेंबर

चि. गप्प्यास,
अनेक आशीर्वाद.

ह्यांची भीती नाही. ह्यांना सगळं माहीत आहे, ह्यांच्याशिवाय कुणाला असणार? भीती पोरीची आहे.

तुला विचारू नकोस म्हटलं होतं, पण तू सरळ सांगून ऐकणारा नाहीस. तेव्हा ऐक. मी तुझ्याकडे होते ते दिवस टिटवीला ठाऊक नाहीत. तिला ह्यांनी सांगितलं होतं की आई दवाखान्यात आहे, ऑपरेशन झालंय, मुलांना आत सोडत नाहीत. मी परत आले तेव्हा तिनं पहिलं काय केलं असेल? माझ्या पोटाकडे बघून विचारलं, “दुखतं का गं?” मी म्हटलं, “आता नाही.” तेव्हापासून ती मांडीवर बसतानासुद्धा जपून बसायची. आजही डॉक्टरकडे गेलं की डॉक्टरला आधी सांगते, आईचं मागे मोठं ऑपरेशन झालंय. मी गप्प बसते. डॉक्टर वण शोधतो.

हे इतकं साचलंय रे. एकदा सांगायचं राहून गेलं आणि मग सांगायची सोयच उरली नाही. सांगायचं झालं तर मी सांगेन, माझ्या तोंडानं, माझ्या घरात. तिनं ते तुझ्या तोंडून, खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये, अनोळखी माणसांच्या टाळ्यांत ऐकू नये. माझं एवढंच मागणं आहे.

तू म्हणतोस कुणी ओळखणार नाही. जग नाही ओळखणार, पण ती ओळखेल. तो शब्द तिचा आहे, तुला माहीत नाही.

पाया पडू का तुझ्या? मोठी आहे म्हणून थांबलेय.

येते.
ताई


१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार!

पोस्टर बघितलंस का? तुझा फोटो दहा वर्षांपूर्वीचा लावलाय, त्यामुळे लोक तुला दारात अडवण्याची शक्यता आहे. घाबरू नकोस, मी असेन दारात. तुला ठाऊकच आहे, दार ही आपली हक्काची जागा.

हॉलची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. माइकवाला म्हणतो, “मॅडम, साहेब जोरात बोलतात की हळू?” मी म्हटलं, “जोरात बोलतात आणि बराच वेळ बोलतात.” खुर्च्या कमी पडणार असं दिसतंय, शाळेतून मागवल्यात. आमचे ग्रंथपाल तर एवढे खूश आहेत की त्यांनी मला दोनदा चहा पाजला. हा माणूस स्वतःलासुद्धा चहा पाजत नाही.

आणि मोठी बातमी! बाबा येतायत. दुकान बंद ठेवून! मी फोन केला तर आधी नेहमीसारखे “हं, बघू” म्हणाले, मग म्हणाले, येतो. आईला पण आणा म्हटलं, तर तिचे गुडघे दुखतायत म्हणे. मामा, तू तिला पटव ना. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला ती नको का? पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलीय मी, मऊ गादीची.

आता एक प्रश्न विचारू? रागावू नकोस. पेपरातली बातमी मी चार वेळा वाचली. गोष्ट छानच आहे, पण मला एक टोचतंय. घर रिकामं असेल तर ती ‘येते’ म्हणाली कुणाला? रिकाम्या घराला कुणी सांगून जात नाही, मामा. मी तर नाही जात. मी कुलूप लावते आणि चालू पडते. ‘येते’ म्हणायला दारात कुणीतरी लागतं. तिथं नक्की कुणीतरी होतं आणि तू त्याला गोष्टीतून काढलंयस. कोण होतं?

हे मी हॉलमध्ये विचारणार नाही, तुझी पंचाईत नको. इथंच सांग.

येते.
तुझी टिटवी


२१ नोव्हेंबर
मुक्काम : पाचवं गाव

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. दवाखान्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी आपला समजत होतो की पोर लहान होती, विसरली असेल. झालं ते झालं. टिटवीच्या गावात ती गोष्ट मी काढणार नाही. शब्द देतो. पोस्टर राहू दे पोस्टरच्या जागी, मी दुसरं काहीतरी सांगेन. माझ्याकडे पहारेकऱ्याच्या डब्याची एक गोष्ट आहे, फार चांगली नाही, पण चालून जाईल.

आता तरी शांत हो.

मात्र एक विचारतो. टिटवीचं पत्र आलंय, तुझ्याच वळणावर गेलीय पोरगी, नेमकं नको तिथं बोट ठेवते. ती म्हणते, घर रिकामं नसणार, दारात कुणीतरी असणारच. पत्र आल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. इतक्या वर्षांत मला कसं सुचलं नाही? आणि तूही लिहितेस की तो शब्द तिचा आहे. म्हणजे काय? टिटवी होती का दारात? तू तर म्हणाली होतीस की ती शेजारी खेळायला गेली होती.

भाषणासाठी विचारत नाही. भाऊ म्हणून विचारतोय.

भावोजी येतायत म्हणे. तू नाही आलीस तरी चालेल.

येतो.
गप्प्या


२४ नोव्हेंबर

चि. गप्प्यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊ म्हणून विचारलंस, बहीण म्हणून सांगते. हे वाचलंस की तुझी जीभ त्या गोष्टीकडे पुन्हा वळायची नाही, म्हणून सांगते.

तेव्हा ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कारण क्षुल्लक होतं, आता सांगायलाही लाज वाटते. पण महिनेच्या महिने हा माणूस खाली दुकानात गिऱ्हाइकांशी हसायचा आणि जिना चढून वर आला की तोंडाला कुलूप. ताट वाढलं की जेवायचा, ताट उचललं की उठायचा. मला वाटायला लागलं की मी या घरात आहे की नाही हेच कुणाला कळत नाही. म्हणून निघाले. खोटं कशाला सांगू, परत यायचं नव्हतं.

टिटवी शेजारी नव्हती. दारात होती. पाच वर्षांची. मी चप्पल घातली, पिशवी घेतली आणि मुद्दाम, कळूनसवरून म्हटलं, “जाते.” कुणीतरी एकदा ते ऐकावं असं मला वाटत होतं. आणि ऐकलं कुणी, तर तिनं. माझा पदर धरून म्हणाली, “आई, जाते नाही म्हणायचं. येते म्हण.” मीच शिकवलं होतं ना तिला. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती परत म्हणाली, “म्हण ना, येते.” मी पदर सोडवून घेतला आणि जिना उतरले. खालपर्यंत तिचा आवाज येत होता, “येते म्हण, येते म्हण.” मी म्हटलं नाही.

तू विचारलंस तेव्हा तुला खोटं सांगितलं. लहान भावापुढे तरी आपण अगदीच दगड ठरू नये असं वाटलं.

नंतर ह्यांनीच मला सांगितलं, बोलायला लागल्यावर. मी नव्हते तेवढे दिवस ती दारातून हलत नव्हती. दूधवाला, पेपरवाला, दुकानातली गिऱ्हाइकं, कुणी निघालं की आडवी व्हायची. “येतो म्हणा.” म्हणेपर्यंत सोडायची नाही. एका म्हातारीला तिनं रडवलं. ह्यांचं तोंड उघडलं ते त्यामुळे. तुझ्या खोलीवर मला न्यायला आले तेव्हा पहिलं वाक्य तेच बोलले, “ती दार सोडत नाही.”

तू त्यावरून तिला टिटवी नाव ठेवलंस. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. तिला स्वतःला वाटतं की ही तिची लहानपणापासूनची गंमत आहे. कुठून आली ते ती विसरली, आणि देव करो ती विसरलेलीच राहो, निदान माझ्या तोंडून नीट ऐकेपर्यंत.

मी तिला सांगणार आहे, गप्प्या. तुझं भाषण होऊन जाऊ दे. ती पुढच्या महिन्यात सुट्टीला येईल तेव्हा सांगेन. ठरवलंय. वाक्यं जुळवतेय.

म्हणून मी हॉलमध्ये येत नाही. गुडघे बरे आहेत.

येते.
ताई


२७ नोव्हेंबर

सौ. ताईस,

पत्र मिळालं. काय लिहू? लॉजच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथंच बसून राहिलो. तू निर्धास्त राहा. पहारेकऱ्याचा डबाच सांगणार.

येतो.
गप्प्या


१ डिसेंबर
मुक्काम : परतीच्या वाटेवर

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत भावोजी घरी पोचले असतील. त्यांनी काही सांगितलं असेल तर आधी माझंही ऐकून घे.

मी पहारेकऱ्याचाच डबा सांगायला घेतला होता. शपथेवर सांगतो. पण मागे एवढं मोठं पोस्टर, ‘उंबऱ्यातला शब्द’, पुढे गच्च भरलेला हॉल, लोक खिडक्यांत बसलेले. डबा निम्म्यावर आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “दारातली बाई सांगा!” मग सगळेच. टिटवीचे ग्रंथपालही मान डोलावतायत. मी म्हटलं, बरं, जुनी आहे तशी सांगून मोकळा होतो, रिकामं घर, शिवणकाम करणारी बाई, काय बिघडतंय? सुरू केलं. ‘घर रिकामं आहे’ इथपर्यंत आलो आणि ताई, पुढे शब्दच फुटेना. मला ठाऊक होतं ना की ते खोटं आहे! खोटं सांगायला जीभ वळेना. आणि मग खरं बाहेर पडलं. दारातली पोर. पदर. “येते म्हण ना.” दूधवाला, पेपरवाला, ती म्हातारी. मी थांबवू शकलो नाही. माझं भाषण नव्हतंच ते, कुणीतरी माझ्याकडून बोलवून घेत होतं.

नाव कुणाचं घेतलं नाही. आणि शेवट तुझ्यासाठी सांभाळून केला. बाई जिना उतरते, वळणावर थबकते, आणि पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणते, ‘येते.’ माणसं रडली, ताई. पुढच्या रांगेतली बाई तर हुंदके देत होती. एवढं मात्र खरं सांगतो, असं भाषण मी आजवर केलं नव्हतं आणि पुढे करेन असं वाटत नाही. तू ऐकलं असतंस तर तुलाही बरं वाटलं असतं.

भावोजी मध्येच उठून बाहेर गेले. मी नंतर बघितलं तर सूचनाफलकाजवळ उभे राहून चष्मा पुसत होते. पुसतच होते. मला बघून म्हणाले, “गाडी वेळेवर आहे ना तुमची?” एवढंच.

टिटवी दारापाशी उभी होती, शेवटपर्यंत. भाषण संपल्यावर तिनंच पाण्याचा ग्लास आणून दिला. म्हणाली, “घ्या मामा.” ‘घ्या’! जन्मात कधी मला अहोजाहो केलं नाही तिनं. चारचौघांत ऑफिसची रीत म्हणून असेल. स्टँडवर सोडायला आली, बॅग हातात दिली, गाडी सुटायची वाट न बघता वळली आणि गेली. मीच खिडकीतून ओरडलो, “अगं, येतो म्हणवून घ्यायचं राहिलं की!” तिनं ऐकलं नसावं. दिवसभर खुर्च्या उचलून दमली असेल पोर.

काही बोलली का ती तुझ्याशी? लगेच कळव. मला चैन नाही.

येतो.
गप्प्या


९ डिसेंबर

चि. गप्प्यास,

टिटवी आली होती. ह्यांच्याबरोबरच, त्याच गाडीनं. गाडीत दोघं एक शब्द बोलली नाहीत म्हणे. हे दुकानाची फळी उघडून आत जाऊन बसले आणि ती एकटी जिना चढून वर आली. मी दारातच होते. गाडीचा आवाज ऐकून धावत आले होते, हाताला पीठ तसंच. तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं. मी जुळवलेली सगळी वाक्यं त्या क्षणी वाया गेली.

ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “आई, मी पाच वर्षांची होते ना?” मी हो म्हटलं. “दवाखाना नव्हताच?” मी नाही म्हटलं. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मी जवळ तरी गेले असते.

मग तिनं विचारलं, “जिन्याच्या वळणावर तू म्हणालीस का गं? येते?”

गप्प्या, काय सोयीचं खोटं ठेवून गेला होतास तू माझ्यासाठी! मला काहीच करायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. पोर वाटच बघत होती त्या एका मानेची. तिचे डोळे मला दिसत होते. हो म्हटलं असतं तर त्याच घडीला माझ्या गळ्यात पडली असती.

मी म्हटलं, “नाही. नाही म्हणाले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.”

ती म्हणाली, “मग मामानं ते का घातलं?”

मी म्हटलं, “हॉलमधल्या लोकांना बरं वाटावं म्हणून.”

दोन दिवस राहिली. जेवली, भांडी घासली, माझ्याशी कामापुरतं बोलली. ह्यांच्यासारखीच. तो अबोला कसा असतो ते मला नव्यानं कळलं, आणि या वेळी तो माझा हक्काचा होता म्हणून मी निमूट सोसला. तिनं का गेलीस ते विचारलं, ते मी सांगितलं, ह्यांच्या समोर सांगितलं. हे म्हणाले, “खरं आहे, चूक माझी होती.” तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि उठून गॅलरीत गेली.

निघताना दारात उभी राहिली. मीही उभी राहिले. ती म्हणाली नाही, मी म्हणवून घेतलं नाही. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मला कळलं की वर उभं राहून तो ऐकायचा म्हणजे काय असतं. मी काय केलं होतं ते मला त्या दिवशी कळलं, इतक्या वर्षांनी. मी उंबऱ्यातच खाली बसले.

नंतर हे वर आले. हातात तिचा चष्मा. दुकानातून जाताना काउंटरवर ठेवून गेली म्हणे, दांडी सैल झालीय, जुन्या चष्म्यावर काम भागवीन म्हणाली. “रविवारी न्यायला येईन,” असं ह्यांना म्हणाली, मला नाही. तिच्या गावात चष्म्याची दुकानं नाहीत का रे? ह्यांनी दांडी तिथल्या तिथं घट्ट केलीय. चष्मा मी फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रविवारची वाट बघतेय.

आता तुझं. तू लिहितोस, खोटं सांगायला जीभ वळेना. मग शेवट सांगताना कशी वळली? मी तुला थांबवण्यासाठी म्हणून माझ्या जिवातलं काढून दिलं आणि तू शिदोरी बांधून घेतलीस. मला तिला एकदाच सांगायचं होतं. ते एकदाच तू खर्च केलंस. लोक रडले असतील, पण टिटवी रडली नाही, तुला तेवढंही दिसलं नाही. ती तुला ‘घ्या’ म्हणाली आणि तुला ऑफिसची रीत वाटली. जगाला शब्द शोधायला शिकवतोस ना तू?

हे रागाच्या भरात लिहितेय असं समजू नकोस. राग उतरेपर्यंत मी पेन हातात घेतलं नव्हतं.

औषधं वेळेवर घे, तब्येत सांभाळ. पत्र पाठवू नकोस, मी फोडणार नाही. आणि पुस्तकवाला माणूस तू, सवयीनं माझ्या शेवटच्या शब्दावर लाल पेन चालवशील. चालवू नकोस. मुद्दाम, कळूनसवरून लिहिलाय.

जाते.
ताई